गजाकाकांची साखळी

एटीएमच्या दारात कोणी कबड्डीच्या पवित्र्यात उभं राहिलेलं पाहिलंय तुम्ही? गुडघे वाकलेले, पाय रोवलेले, दोन्ही हात पसरलेले आणि नजर रस्त्यावर? नसेल पाहिलं तर आमच्या घोडपदेवला या, दाखवते. आत मंदाकाकी मशीनवर आकडे दाबत असतात आणि दारात त्यांचे यजमान, गजानन धुरी, म्हणजे आमचे गजाकाका, असे उभे असतात. सत्तरीला टेकलेला माणूस, पण समोरून बैल आला तरी तो आधी विचार करील. 'मागे व्हा' असं ते कोणालाही सांगत नाहीत. नुसते बघतात. रांग आपोआप फुटपाथवर सरकते.

मी सुनिता, त्यांच्या समोरच्या दारातली. जुनी चाळ पाडून टॉवर झाला तेव्हा कोण कुठल्या मजल्यावर फेकला गेला, पण आमची दारं नशिबानं समोरासमोरच राहिली. आता खरं सांगते, मला माणसांचं कौतुक चटकन वाटत नाही. वॉर्ड ऑफिसच्या खिडकीवर बसते मी, दिवसभर नमुने बघते. माझा नवरा मिलिंद तर म्हणतो की तुझ्यासमोर साक्षात देव आला तरी तू त्याला आधारकार्डाची झेरॉक्स मागशील. पण गजाकाकांपुढे मी हात टेकले. असा माणूस होणे नाही.

काका तरुणपणी लालबागच्या मैदानावर कबड्डी खेळायचे. कोपरारक्षक. चढाईला आलेल्याचा घोटा एकदा काकांच्या पंजात गेला की तो पोरगा घरी लंगडतच जायचा, असं जुने लोक अजून सांगतात. पुढे गिरणी गेली, छापखान्यातली नोकरी आली, तीही संपली, गुडघे गेले. मैदान मात्र डोक्यातून गेलं नाही. फक्त आता त्या मैदानाच्या मध्यभागी मंदाकाकींचं बँकेचं कार्ड आहे.

हो, कार्ड मंदाकाकींचं. काकींनी आयुष्यभर खानावळ चालवली. गिरणीतले गडी जेवले, मग ऑफिसातली पोरं जेवली, मग डबे सुरू झाले. त्या चुलीवरची पुंजी त्यांच्या खात्यात होती. आणि दीड-दोन वर्षांपूर्वी एका दुपारी तिच्यातली बरीचशी गेली.

ती गोष्ट आमच्या इमारतीत सगळ्यांना तोंडपाठ आहे, कारण काकांनीच ती सगळ्यांना सांगितली. बँकेतून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला. कार्ड बंद होणार म्हणाला. काकींचे हात पिठात होते म्हणून फोन काकांनी घेतला. तो मेला मालवणीत बोलला! "मी कुडाळचो," म्हणाला. गावाकडचा आवाज ऐकल्यावर काका विरघळलेच. जत्रेच्या गोष्टी झाल्या, आंब्याच्या झाल्या, आणि बोलता बोलता कार्डावरचे आकडे झाले, मोबाईलवर आलेला नंबरही सांगून झाला. पोलिसांत तक्रार केली, थोडं परत आलं, बाकीचं गेलं ते गेलंच.

परक्या भाषेत कोणी लाखाचं आमिष दाखवलं असतं तर आमच्याकडचं माणूस ढिम्म हललं नसतं. पण गाववाला म्हटला की आम्ही मेलो. त्याला घर उघडं, ताट वाढलेलं. त्या चोराला आमची नस बरोबर सापडली होती.

इमारतीत सगळे हळहळले आणि मग, माणसं ती माणसं, हसायलाही लागले. त्यात आमचे मिलिंदराव पुढे. लिफ्टमध्ये काका भेटले की यांचं सुरू, "काय काका, गाववाल्याचा फोनबिन?" काका स्वतःच्या कपाळावर हात मारून घ्यायचे. "बावळट रे मी, महाबावळट. अख्ख्या मैदानाला पकडलंय आणि एका फोननं मला पाडला."

काकी मात्र हसत नसत. त्या घटनेनंतर त्यांनी बाजारात जाणंच टाकलं. दारावर भाजीवाली आली तरी म्हणायच्या, "ह्यांना विचार." कार्ड हातात घेतलं की त्यांची बोटं थरथरायची. जिनं आख्खं गिरणगाव जेवू घातलं, वाण्याशी पै-पैवरून भांडली, ती बाई मशीनवर चार आकडे दाबताना घामाघूम व्हायची. आणि काकांचा हट्ट असा की आकडे दाबणार तर मंदाच. दुसरं कोणी नाही. मी नाही, तू नाही, जावई नाही. "कार्ड तिचं, घाम तिचा, बोट तिचंच," म्हणायचे. तिला पुन्हा पूर्वीसारखी एकटीनं, ताठ मानेनं बाजारात जाताना बघायचं, एवढी एकच इच्छा उरलीय, असं त्यांनी मला स्वतः सांगितलं होतं. ते सांगताना त्यांचा आवाज दुखरा झाला होता, म्हणून मी थट्टा केली नाही.

तर त्या इच्छेपायी काकांनी जे काही मांडलं, ते तुम्ही ऐकाच.

पहिलं म्हणजे कार्ड राहतं कुठे? काकींच्या पर्समध्ये? छे! काकांच्या गंजीला आतून शिवलेल्या चोरखिशात. काकींनीच शिवून दिलाय. म्हणजे दुकानात पैसे द्यायची वेळ आली की काका आधी सदऱ्याची बटणं सोडणार. परळच्या मॉलमध्ये एकदा असंच झालं. तिथे पूर्वी काकांची गिरणी होती, त्यामुळे तिथे ते जरा घरच्यासारखे वागतात. गल्ल्यासमोर उभे राहून त्यांनी एक, दोन, तीन बटणं काढली, तसा सिक्युरिटीवाला धावत आला. "अंकल, ये क्या कर रहे हो?" काका शांतपणे म्हणाले, "बिल भर रहा है." आणि काखेजवळून कार्ड काढलं. गल्ल्यावरच्या मुलीनं ते टिश्यू पेपरात धरलं.

दुसरं म्हणजे कार्ड नजरेआड करायचं नाही. गिरगावात एका हॉटेलात आम्ही चौघं जेवायला गेलो होतो. वेटर म्हणाला, मशीन काउंटरवर आहे, कार्ड द्या, मी घेऊन जातो. काकांनी कार्ड दिलं, पण सोडलं नाही. एक टोक वेटरच्या चिमटीत, एक काकांच्या. अशी ती जोडी टेबलांच्या मधून, जेवणाऱ्यांच्या ताटांवरून, कार्ड मधे धरून काउंटरपर्यंत गेली. मागून काकी पदर सावरत. मला वाटलं, आता हे तिघं सात फेरे घेऊनच परत येतात. पण काय सांगू, त्या वेटरनंच नंतर मला हळूच विचारलं, "मॅडम, हे काका बँकेत मोठे साहेब होते काय?"

कार्डाच्या मागचे तीन आकडे काकांनी ब्लेडनं खरवडून टाकले आहेत. ते आता फक्त काकींच्या डोक्यात. एटीएममधून रोज काढायच्या रकमेची मर्यादा बँकेत जाऊन इतकी खाली आणलीय की चोराच्या हाती कार्ड लागलंच तर त्याला टॅक्सीनं घरी जाणंही परवडू नये. नुसतं टेकवून पैसे जातात ती सोय बंद. दुकानदारानं मशीनवर रक्कम टाकली की ती त्यानं मोठ्यांदा वाचायची. नाही वाचली तर काका म्हणणार, "नजर कार्डावर, कान माणसावर. वाच मेल्या, लाजतोस काय!" आणि आमच्या नाक्यावरचा वाणी, जो स्वतःच्या बायकोला उलट उत्तर देतो, तो शाळेतल्यासारखा रक्कम वाचून दाखवतो.

फोन आला तर? ती तर कमालच. "सर, मैं बैंक से" एवढं ऐकलं की काका एक मोठा श्वास घेतात आणि फोनमध्ये एका दमात सुरू होतात, "कबड्डीकबड्डीकबड्डी..." अहो, सत्तरीचा माणूस, पण दम काय! पलीकडचा आधी हॅलो हॅलो करतो, मग शिव्या देतो, मग ठेवतो. काका तरी दम तोडत नाहीत. त्याच्या हद्दीत गेलो तर दम टिकवूनच परत यायचं, म्हणतात.

हसू येतं ना? मलाही यायचं. मग तो एटीएमचा प्रकार घडला आणि माझं हसू घशातच राहिलं.

एका रविवारी सकाळी काका-काकी आणि मी पैसे काढायला निघालो होतो. काकांची सवय अशी की कार्ड घालायच्या आधी मशीनची ती खाच हातानं धरून हलवायची. नेहमीचं नाटक म्हणून मी घड्याळ बघत उभी. काकांनी खाच धरली, हलवली, जरा जोरात ओढली, आणि खाचेचं अख्खं तोंडच त्यांच्या हातात आलं! आत खरी खाच वेगळीच होती. वर कोणीतरी हुबेहूब खोटी चिकटवून ठेवलेली, कार्डाची नक्कल करणारी. मी आदल्याच आठवड्यात तिथूनच पैसे काढले होते आणि माझ्या डोळ्यांनी काही म्हणता काही पाहिलं नव्हतं.

काकांनी पोलिसांना फोन लावला, बँकेच्या नंबरवर कळवलं, आणि ती माणसं येईपर्यंत दार अडवून उभे राहिले. उन्हात. गुडघे वाकवून, हात पसरून. लोक चिडले, एकानं तर ढकललंही. काका जागचे हलले नाहीत. "आज हयसून कोण आत जावचो नाय," एवढंच. पुढे पोलिसांनी ती वस्तू पिशवीत घातली आणि काकांशी हात मिळवला. त्या दिवशी काकींनी त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती नजर बघून मीच दुसरीकडे बघायला लागले.

आता मुख्य गोष्ट. काका-काकींची एकुलती लेक सीमा अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर्समध्ये राहते. तिला दिवस गेले, सातवा लागला, ओटीभरण ठरलं. ओटीभरणाला माहेरची हिरवी साडी लागते, आणि ती आईनं घ्यायची असते. काकी म्हणाल्या, "तुम्ही आणा आणि सुनिताला घेऊन जा. मी येत नाय."

"लेकीची साडी तिच्या आयशीनं घ्यायची," काका म्हणाले. "तुझ्या पैशातनं. तुझ्या बोटानं."

"माझ्यानं नाय व्हायचं हो. पुन्हा काय चुकलं तर?"

"चुकलं तर आम्ही आहोत ना. साखळी करू."

मला वाटलं, कबड्डीतली बोलायची पद्धत. कसली पद्धत! दादरच्या त्या साडीच्या दुकानात काकींनी हिरवीगार पैठणी काठाची साडी पसंत केली, गल्ल्याशी गेल्या, आणि काकांनी हुकूम सोडला. "मिलिंद, डावा कोपरा. सुनिता, उजवा. हात धरा!" ऐन लग्नसराई, दुकान तुडुंब, आणि आम्ही तिघं एकमेकांचे हात धरून मंदाकाकींभोवती अर्धगोल करून उभे. मिलिंदचं तोंड लाल. मागच्या एका बाईनं नवऱ्याला विचारलं, "अहो, आरती आहे का?"

"काका, इथे काळजी नको," गल्ल्यावरचे गृहस्थ म्हणाले. वयस्कर, भला माणूस होता. "वर कॅमेरा आहे."

"तोच तर," काका म्हणाले. "तो वरून आकडे बघतो त्याचं काय?" आणि त्यांनी माझा हात सोडला, काखेतली छत्री काढली, आणि फाटकन उघडली. दुकानात. ऐन मे महिन्यात. मंदाकाकींच्या आणि त्या मशीनच्या डोक्यावर.

सगळं दुकान आमच्याकडे बघायला लागलं. साड्या उलगडणारे हात थांबले. मला धरणी दुभंगली तर बरं, असं झालं.

छत्रीखाली काकींनी आकडे दाबले. मशीननं नकार दिला, नंबर चुकला होता. काकींच्या चेहऱ्यावरचं रक्तच गेलं. "म्हटलं होतं ना तुम्हाला," एवढंच पुटपुटल्या. काका वाकून हळूच म्हणाले, "दम खा गो. घाई कोणाक आसा?"

गल्ल्यावरच्या गृहस्थांना दया आली. हात पुढे करून ते म्हणाले, "द्या काकी इकडे. आत दुसरं मशीन आहे, मी करून आणतो. नंबर तेवढा सांगा."

तो माणूस चांगल्या मनानंच म्हणाला असेल. पण मी काकांकडे बघितलं. त्यांचे खांदे ताठ झाले, आता हे झेप घेणार. आणि त्याआधीच काकींनी कार्ड मुठीत आवळलं.

"नाही," त्या म्हणाल्या. आवाज एकदम खानावळीतला, उधारी मागणाऱ्याला असायचा तो. "कार्ड माझ्या हातातनं सुटायचं नाय आणि नंबर मी कोणाला सांगायची नाय. दुसरं मशीन असेल तर ते इथे आणा. माझ्यासमोर."

गृहस्थ मुकाट्यानं आत गेले आणि मशीन घेऊन आले.

"रक्कम वाचा," काकी म्हणाल्या. त्यांनी वाचली. मग काकी आमच्याकडे वळल्या. "आणि तुम्ही ती छत्री मिटा आधी. लेकीच्या साडीवर कसली ती छत्री धरता! बाजूला व्हा सगळे, उकडतंय मला."

आम्ही बाजूला झालो. काकींनी डाव्या हाताचा तळवा मशीनवर आडवा धरला, उजव्या बोटानं आकडे दाबले. सरळ, एकामागून एक. पावती सर्रकन बाहेर आली. काका मिटलेली छत्री हातात धरून उभे होते, तोंड उघडं, डोळे भरलेले. मी खोटं कशाला बोलू, मलाही हुंदका आला.

मग आम्ही पियुष प्यायला गेलो. काकांना आनंद मावत नव्हता. दुकानातली हकिकत ते आम्हालाच परत सांगत होते, जणू आम्ही तिथे नव्हतोच. मिलिंदही रंगात आला आणि त्याच्या सवयीप्रमाणे बोलून गेला, "काका, त्या दिवशी तो फोन तुमच्याऐवजी काकींनी घेतला असता ना, तर पुंजी वाचली असती बघा!"

"तर काय!" काका हसले. "बावळट रे मी."

काकींनी ग्लास टेबलावर ठेवला.

"फोन मीच घेतला होता," त्या म्हणाल्या.

"मंदा, गप गो," काका घाईनं म्हणाले. "पियुष पी."

"नाय. आज सांगते. हात पिठात बिठात काही नव्हते माझे. मला काकी म्हणाला तो. आवाज दमलेला वाटला त्याचा, तर मीच विचारलं, झिला, जेवलंस काय रे? आणि त्यानं विचारलं ते सगळं सांगत गेले." त्यांनी पदरानं ओठ पुसले. "पैसे गेल्याचं कळलं तेव्हा मी रडत बसले होते. दारात सगळी इमारत गोळा झाली. मी तोंड उघडायच्या आधी हे म्हणाले, फोन मी घेतला. मी कितीदा म्हटलं, खरं सांगते लोकांना. तर म्हणायचे, तुझ्या हातचं सगळे जेवलेत, त्या हाताला कोणी हसायचं नाय. मला हसू देत. एवढे दिवस हसलात तुम्ही सगळे, आणि हे स्वतः कपाळावर हात मारून तुम्हाला हसवत राहिले."

मिलिंद खाली मान घालून बसला होता. आणि मी काकांकडे बघत राहिले. ती बटणं, ती छत्री, एटीएमच्या दारातलं ते उभं राहणं, ते एवढं मोठं वेड त्या माणसानं जाणूनबुजून अंगावर घेतलं होतं, म्हणजे लोकांची नजर बायकोकडे जाऊच नये. असं प्रेम मी तरी कुठे पाहिलं नव्हतं.

काका मात्र खुश नव्हते. रागावलेही नव्हते. ग्लासातला पियुष चमच्यानं उगाच ढवळत होते.

"आता लोक तुला हसतील," ते म्हणाले.

"हसू देत. मी बघून घेईन."

"म्हणजे आता तू बाजारात एकटी जाशील."

"जाईन की. न जायला काय झालं?"

काका अगदी लहान आवाजात, आम्हाला ऐकू जाऊ नये अशा बेतानं, म्हणाले, "मग मी काय करू गो?"

काकी उठल्या. पदर खोचला. खुर्चीवरची पिशवी उचलून त्यांनी काकांच्या मांडीवर ठेवली.

"तुम्ही ही धरा," त्या म्हणाल्या. "एवढं ओझं मी एकटीनं कसं नेऊ?"

पिशवीत एकच साडी होती. काकांनी ती दोन्ही हातांनी उचलली आणि काकींच्या मागोमाग निघाले.